दोन मिनिटांची कॉफी की रात्रभराची?

पारोळा : एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडू लागतात. पारा ४३-४४ अंशांवर गेला, की बाजारपेठेतील दुकानदारही शटर अर्धे ओढून पंख्याखाली बसतात. अशा दिवसांतही दारी आलेल्या पाहुण्याला आधी माठातले पाणी आणि पाठोपाठ वाफाळता चहा देण्याची रीत पारोळ्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. चहाच्या या साम्राज्यात कॉफीला आजवर मान होता, तो पाहुणीचा. लग्नघरी, रात्रीच्या जागरणाला किंवा मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात ती दिसे. अलीकडे मात्र थंड कॉफीच्या रूपाने ती रोजच्या वापरात येऊ लागली आहे. पुण्या-मुंबईत शिकणारी मुले सुटीत घरी येतात, ती ‘कोल्ड ब्रू’ हा शब्द आणि कधी कधी भरड दळलेल्या कॉफीची पिशवीही बरोबर घेऊन. घरात मात्र डब्यात असते इन्स्टंट कॉफीची पुडी.

या दोहोंत सरस कोणती, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. महानगरातील वातानुकूलित कॅफेत तो तसा असेलही. सुरत-नागपूर महामार्गावरील तालुक्याच्या गावी मात्र त्याला इतर अनेक पदर आहेत. उन्हाळ्यातील तापमान, वादळवाऱ्यात जाणारी वीज, पाण्यातील क्षार, दुधाची सवय आणि महिन्याचे किराणा बिल, या सर्वांचा त्या पेल्याशी संबंध येतो. किंबहुना कोल्ड ब्रूची कृती जिथे जन्मली आणि जिथे ती वाचली जाते, त्या दोन ठिकाणच्या हवामानातील फरक लक्षात घेतला नाही, तर चवीबरोबर प्रकृतीही बिघडू शकते.

नाव सारखे, पदार्थ निराळे

प्रथम एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे ‘कोल्ड कॉफी’ म्हणून जी मिळते, ती बहुधा इन्स्टंट कॉफीच असते. चमचाभर पावडर, साखर, थंड दूध आणि बर्फ मिक्सरमधून फिरवले, की ती तयार होते. गरम कॉफी करून ती बर्फावर ओतली, तर ती झाली ‘आइस्ड कॉफी’. कोल्ड ब्रू या दोहोंहून वेगळी. तिच्यात गरम पाण्याचा वापर कुठेच नसतो. भाजून भरड दळलेली कॉफी थंड किंवा साध्या पाण्यात १२ ते २४ तास भिजत ठेवायची आणि नंतर गाळून घ्यायची, एवढीच तिची कृती. म्हणजे ‘कोल्ड’ हा शब्द पिण्याच्या तापमानाविषयी नसून करण्याच्या पद्धतीविषयी आहे. कोल्ड ब्रू गरम करूनही पिता येते.

झटपट कॉफीचा प्रवास

इन्स्टंट कॉफी ही कॉफीच्या बियांची भुकटी नव्हे. आधीच तयार केलेल्या कॉफीतील पाणी काढून टाकल्यावर मागे उरलेला तो कोरडा अर्क आहे. म्हणूनच तो पाण्यात पूर्ण विरघळतो आणि तळाशी चोथा उरत नाही.

ही कल्पना जुनी आहे. न्यूझीलंडमधील डेव्हिड स्ट्रँग याने १८८९ च्या सुमारास अशा विरघळणाऱ्या कॉफीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. जपानी रसायनशास्त्रज्ञ सातोरी काटो यांनी १९०१ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथील प्रदर्शनात आपली कॉफी मांडली. मात्र तिला घरोघरी नेले ते मंदीने. १९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर ब्राझीलमध्ये कॉफीचे प्रचंड साठे पडून राहिले. ते टिकवण्याचा उपाय शोधण्याचे काम स्वित्झर्लंडमधील नेस्ले कंपनीकडे आले. मॅक्स मॉर्गनथेलर या रसायनशास्त्रज्ञाच्या अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर १९३८ मध्ये ‘नेसकॅफे’ बाजारात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातून तिचा जगभर प्रसार झाला.

मराठी घरांना झटपट कॉफीची ओळख याहून वेगळ्या वाटेने झालेली आहे. एके काळी किराणा दुकानांत कॉफीच्या गोड वड्या मिळत. गरम दुधात वडी कुस्करली, की कॉफी तयार. पाहुणे अचानक आले तरी यजमानीणबाईंची तारांबळ उडत नसे. आजची पुडी म्हणजे त्या वडीचीच कारखान्यात वाढलेली नात म्हणता येईल.

कारखान्यात भाजलेल्या, भरडलेल्या कॉफीतून दाबाखाली अतितप्त पाणी खेळवतात. घरी फिल्टर किंवा भांड्यात कॉफी करताना तिच्या वजनाच्या साधारण पाचवा भागच पाण्यात उतरतो. कारखान्यातील दाब आणि उष्णता हे प्रमाण दुपटीच्या आसपास नेतात. त्यानंतर हा दाट अर्क दोनपैकी एका रीतीने वाळवला जातो. पहिल्या रीतीत दोनशे अंशांहून अधिक तापलेल्या हवेच्या झोतात त्याचे बारीक तुषार सोडतात आणि खाली पडेपर्यंत त्यांची भुकटी होते. ही स्वस्त रीत. दुसऱ्या रीतीत अर्क उणे ४० अंशांच्या आसपास गोठवून निर्वात कक्षात ठेवतात. तेथे बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते आणि कोरडे, टोकदार खडे उरतात. ही रीत महाग, पण तिच्यात सुगंध अधिक टिकतो.

थंड पाणी सावकाश काय करते?

कोल्ड ब्रूची मुळे जपानमधील क्योटोच्या थेंब-थेंब ठिबकणाऱ्या थंड कॉफीत सांगितली जातात. अमेरिकेत १९६४ मध्ये टॉड सिम्पसन याने घरगुती कोल्ड ब्रूसाठी ‘टॉडी’ नावाचे साधन तयार केले. तरीही अर्धे शतक ती थोड्या रसिकांपुरतीच राहिली. २०१५ मध्ये स्टारबक्सने अमेरिकेतील दुकानांत कोल्ड ब्रू आणली आणि तिचा बोलबाला झाला. भारतात त्याच सुमारास काही नव्या कंपन्यांनी बाटलीबंद कोल्ड ब्रू आणि पाण्यात बुडवून ठेवायच्या पिशव्या विकायला सुरुवात केली. महानगरांतून निघालेली ही लाट कुरिअरच्या खोक्यांतून आता तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे.

कॉफीच्या बीमध्ये शेकडो चव-गंधद्रव्ये असतात आणि प्रत्येकाची पाण्यात उतरण्याची गती वेगळी असते. गरम पाणी घाईचे. आम्ले, कडवट द्रव्ये, तेलकट अंश, सुगंध असे सारे ते काही मिनिटांत ओढून आणते. थंड पाण्याला वेळ लागतो आणि काही कडवट द्रव्ये त्यात पुरती उतरतच नाहीत. सुगंधी द्रव्ये गरम कॉफीतून वाफेबरोबर उडतात, म्हणून तिचा दरवळ घरभर पसरतो. कोल्ड ब्रूमध्ये तसा दरवळ नसतो. जे आहे ते पेल्यात राहते आणि जिभेवर आल्यावर कळते.

किती वेळ भिजवायचे, याबाबत दंतकथा बऱ्याच आहेत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मेगन फुलर आणि निनी राव या संशोधिकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की नेहमीच्या खोलीच्या तापमानात सुमारे ४०० मिनिटांनंतर, म्हणजे पावणेसात तासांनंतर, पाण्यात उतरणाऱ्या कॅफिनमध्ये फारशी भर पडत नाही. फ्रीजमध्ये हीच क्रिया आणखी संथ चालते. त्यामुळे फ्रीजमध्ये १२ ते १६ तास पुरेसे ठरतात. चोवीस तासांचा अट्टहास आवश्यक नाही.

चवीचा कौल

नुसत्या पाण्यातील, बिनदुधाच्या कॉफीची तुलना केली, तर कौल कोल्ड ब्रूकडे झुकतो. चांगल्या बियांपासून केलेली कोल्ड ब्रू मऊ, किंचित गोडसर आणि कोको किंवा भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण करून देणारी लागते. साखर कमी लागते किंवा लागतच नाही. तिच्यातील उणीव म्हणजे तजेल्याचा अभाव. चिकमगळूर किंवा कोडगूच्या उत्तम अरेबिका कॉफीत फळांसारखा जो आंबट-गोड चटका असतो, तो थंड पाण्यात बराचसा हरवतो. उंची, महाग कॉफी कोल्ड ब्रूसाठी वापरणे म्हणूनच काही जाणकारांना अपव्यय वाटतो.

इन्स्टंट कॉफीची चव थेट आणि ठसठशीत असते. पण वाळवण्याच्या प्रक्रियेत सुगंधाचा मोठा भाग उडून जातो आणि त्याची भरपाई पूर्णपणे होत नाही. शिवाय तिच्यात बहुधा रोबस्टा जातीच्या बिया वापरतात. रोबस्टा अरेबिकापेक्षा स्वस्त, अधिक कडू आणि कॅफिनच्या बाबतीत जवळजवळ दुप्पट तिखट. बिनदुधाची इन्स्टंट कॉफी प्याल्यावर जिभेवर जी जळकट चव रेंगाळते, तिचे मूळ येथे आहे.

दूध आले, की निकाल फिरतो

खान्देशात, आणि एकूणच महाराष्ट्रात, कॉफी म्हणजे दुधाची कॉफी. घरोघरची रीत ठरलेली असते. दूध उकळायचे, त्यात साखर आणि कॉफी घालायची, वर जायफळ किसायचे, कोणी वेलदोडाही घालतो. या कॉफीत पाणी नसते किंवा नावापुरते असते. तिची गोडी दाट दुधात आहे.

अशा कॉफीत कोल्ड ब्रू अडखळते. ती स्वतःच पाणी आहे. एक भाग कॉफीला आठ भाग पाणी घेऊन केलेली नेहमीची कोल्ड ब्रू दुधात ओतली, तर दूध पातळ होते आणि कॉफी फिकी पडते. तिला दुधासमोर उभे करायचे, तर एकास पाच प्रमाणाचा दाट अर्क करावा लागतो. इन्स्टंट कॉफी मात्र पाण्याचा थेंबही न आणता दुधात मिसळते. तिचा कडवटपणा दूध आणि साखर झाकून टाकतात आणि जायफळ उरलेली कसर भरून काढते. फेटलेल्या कॉफीची गंमतही इन्स्टंटशिवाय साधत नाही. पावडर, साखर आणि पाण्याचे चार थेंब चमच्याने घोटत राहिले, की फिकट फेस येतो. २०२० च्या टाळेबंदीत ‘दालगोना’ या कोरियन नावाने जगभर गाजलेला प्रकार आपल्याकडील अनेक घरांत त्याआधीपासून होता.

थोडक्यात, दुधाची कॉफी पिणाऱ्याने कोल्ड ब्रूच्या मोहापायी जास्त पैसे मोजले, तरी त्याला त्यातील फरक कळेलच असे नाही. बिनदुधाची पिणाऱ्याला तो पहिल्या घोटात कळेल.

सोय कोणाची, कशी?

सोयीच्या बाबतीत इन्स्टंटचा हात धरणारे कोणी नाही. पाणी किंवा दूध तापले, की दोन मिनिटांत पेला तयार. गाळणे, चोथा, वेगळे भांडे, काही नको. काही रुपयांची छोटी पुडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळते. तिचा एकमेव शत्रू म्हणजे दमट हवा. झाकण सैल राहिले, की पावसाळ्यात बरणीत दगड होतो.

कोल्ड ब्रूची सोय वेगळ्या जातीची आहे. तिला आदल्या रात्री आठवण ठेवावी लागते. पण एकदा केली, की दोन-तीन दिवस फ्रीज उघडून पेला भरण्यापलीकडे काम नसते. दुपारच्या उकाड्यात गॅस पेटवावा लागत नाही, हा खान्देशी स्वयंपाकघरातील लहानसहान लाभ नव्हे. अडचण आहे ती सामग्रीची. तिला साखरेच्या जाड दाण्याएवढी भरड कॉफी लागते. बाजारात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड बारीक असते. ती वापरली, तर गाळताना कापड तुंबते आणि पेल्यात गाळ उतरतो. अख्ख्या बिया आणून मिक्सरमध्ये थांबत थांबत भरडणे हा त्यावर घरगुती उपाय आहे. चहाची गाळणी येथे कामाची नाही. मलमलचे दुहेरी कापड लागते आणि ते साबणाचा वास नसलेले, उकळत्या पाण्यातून काढलेले असावे.

पाण्याचाही प्रश्न आहे. कॉफीच्या पेल्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. विंधनविहिरीचे क्षारयुक्त, जड पाणी वापरले, तर कॉफीतील आम्लांची चव मारली जाते आणि ती खडूसारखी, बेचव लागते. दूध-साखरेच्या इन्स्टंटमध्ये हा दोष झाकला जातो, बिनदुधाच्या कोल्ड ब्रूमध्ये उघडा पडतो. पिण्यासाठी जे शुद्ध पाणी वापरतो, तेच कॉफीसाठी वापरावे.

ग्रॅमाचा हिशेब

खर्चाची तुलना ग्रॅममध्ये केली, तर चित्र स्पष्ट होते. इन्स्टंट कॉफीच्या एका कपाला साधारण दोन ग्रॅम पावडर लागते. १०० ग्रॅमच्या बरणीत ५० कप होतात. कोल्ड ब्रूसाठी १०० ग्रॅम कॉफी ८०० मिलिलिटर पाण्यात भिजवली, तर चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी शोषून ठेवतो. हाती येते सुमारे ६०० मिलिलिटर, म्हणजे दीडशे मिलिलिटरचे चार पेले. एका पेल्यामागे २५ ग्रॅम कॉफी. दुधासाठी दाट अर्क केला, तर १०० ग्रॅममधून सुमारे ३०० मिलिलिटर अर्क मिळतो. प्रत्येकी ५० मिलिलिटर घातला, तर सहा पेले होतात आणि पेल्यामागे १७ ग्रॅम कॉफी खर्ची पडते.

कॉफीचा भाव किलोला हजार रुपये धरला, तर ग्रॅमला एक रुपया पडतो. म्हणजे कोल्ड ब्रूचा पेला २५ रुपयांचा. इन्स्टंटचा भाव किलोला चार हजार रुपये धरला, तरी तिचा कप आठ रुपयांत बसतो. दूध आणि साखर वेगळी. भाव गावागणिक आणि छापागणिक बदलतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. चार जणांच्या घरात रोज एकेक पेला म्हटले, तर कोल्ड ब्रूला रोज १०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला तीन किलो कॉफी लागेल. इन्स्टंटच्या तेवढ्याच कपांना पाव किलोही लागणार नाही.

कच्च्या मालाच्या दृष्टीनेही हेच दिसते. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेच्या हिशेबानुसार एक किलो इन्स्टंटसाठी २.६ किलो हिरव्या बिया लागतात. म्हणजे दोन ग्रॅमच्या कपामागे सुमारे पाच ग्रॅम हिरवी कॉफी. कोल्ड ब्रूच्या पेल्यामागे ती तिसाच्या घरात जाते. कॉफीचा भाव चढला, की कोल्ड ब्रू पिणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ अधिक बसते, ती यामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडून उच्चांक केला होता. ब्राझीलमधील अवर्षण हे त्याचे प्रमुख कारण होते. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून देशात इन्स्टंट कॉफीवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने तिला थोडा दिलासा मिळाला.

‘खोलीचे तापमान’ म्हणजे किती?

कोल्ड ब्रूच्या बहुतेक कृतींत एक वाक्य असते : ‘खोलीच्या तापमानाला १२ ते २४ तास ठेवा.’ हे वाक्य ज्या देशांत लिहिले गेले, तेथे खोलीचे तापमान २० ते २५ अंश असते. मे महिन्यातील पारोळ्यात पत्र्याच्या किंवा धाब्याच्या घरात ते रात्रीही तिशीच्या खाली येत नाही आणि दुपारी चाळिशी गाठते. हाच या विषयातील सर्वांत गंभीर मुद्दा आहे.

इन्स्टंट कॉफी कोरडी असते. कोरड्या पदार्थात जिवाणू वाढत नाहीत आणि पिण्यापूर्वी ती बहुधा उकळत्या पाण्यात किंवा दुधात पडते. कोल्ड ब्रूमध्ये उकळण्याची पायरीच नाही. भाजताना बियांवरील जिवाणू मरतात, हे खरे. पण नंतर पाणी, बरणी, कापड आणि हात यांतून ते परत येऊ शकतात आणि पाच ते साठ अंश हा त्यांच्या वाढीचा टापू मानला जातो. कॉफीची आम्लता त्यांना पुरेशी रोखत नाही. तिचा सामू पाचच्या आसपास असतो, तर अन्नशास्त्रात ४.६ ही सुरक्षिततेची सीमा धरतात. त्यावरील सामूचा पदार्थ हवाबंद आणि उबदार राहिला, तर बोट्युलिझमसारख्या विषबाधेचा धोका संभवतो. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘डेथ विश कॉफी’ या कंपनीने डबाबंद कोल्ड ब्रू बाजारातून याच संभाव्य धोक्यामुळे परत मागवली होती.

यावर माठ हा उपाय सुचू शकतो. कोरड्या हवेत माठाच्या छिद्रांतून पाण्याची वाफ होते आणि आतील पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच थंड राहते. पिण्याच्या पाण्याला ते पुरेसे आहे, पण फ्रीजच्या चार-पाच अंशांच्या जवळपासही ते जात नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कोल्ड ब्रू भिजवायची, ती फ्रीजमध्येच. पाणी आधी उकळून निववलेले असावे, बरणी काचेची आणि उकळत्या पाण्याने धुतलेली असावी. गाळल्यावर ती तीन-चार दिवसांत संपवावी. वीज गेली, तर न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. त्याहून अधिक काळ वीज नसेल, तर त्यातील कोल्ड ब्रू, विशेषतः दूध मिसळलेली, टाकून देणेच शहाणपणाचे. दूध आयत्या वेळीच मिसळावे.

महामार्गालगतच्या टपऱ्यांवर आणि हॉटेलांत घरी भरलेल्या बाटल्यांतून कोल्ड ब्रू विकण्याचा विचार करणाऱ्यांनी हे अधिक काळजीपूर्वक ध्यानात घ्यायला हवे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अशा विक्रीसाठी नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. सकाळपासून उघड्यावर ठेवलेली बाटली दुपारी गिऱ्हाइकाच्या हाती देणे हा केवळ नियमभंग ठरत नाही, त्यात दुसऱ्याच्या आरोग्याशी खेळ आहे.

पोट, झोप आणि रक्त

‘कोल्ड ब्रूने पित्त होत नाही,’ असे सर्रास सांगितले जाते. राव आणि फुलर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात गरम आणि थंड पद्धतीच्या कॉफीचा सामू जवळपास सारखाच, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान आढळला. एकूण आम्लांचे प्रमाण गरम कॉफीत अधिक होते, तसेच उपयुक्त ऑक्सिडीकरणरोधी द्रव्येही गरम कॉफीतच अधिक होती. म्हणजे कोल्ड ब्रू घशाला सौम्य लागते, एवढे खरे. पित्ताचा विकार असलेल्याला ती निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

कॅफिनचा मुद्दा अभ्यासिकांत रात्र जागवणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय पोषण संस्थेमार्फत २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये, असे म्हटले आहे. त्याच मार्गदर्शिकेनुसार दीडशे मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, उकळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. कोल्ड ब्रूच्या पेल्यात २५ ग्रॅम कॉफीचा अर्क उतरलेला असल्याने हा आकडा दीडशेच्या पुढे सहज जाऊ शकतो. कडू लागत नाही, म्हणून ती पाण्यासारखी प्यायली जाते. अशा दोन पेल्यांत दिवसाची मर्यादा संपते. परीक्षेच्या आदल्या रात्री तिसरा पेला घेणाऱ्याच्या वाट्याला अभ्यासापेक्षा धडधड आणि निद्रानाश येण्याचा संभव अधिक.

चहा-कॉफीतील टॅनिन अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते. म्हणून जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास ती टाळावी, असेही ही मार्गदर्शिका सांगते. रक्तक्षयाने त्रस्त असलेल्या स्त्रियांना आणि किशोरवयीन मुलींना हा सल्ला विशेष लागू पडतो. भाकरीबरोबर कॉफी, मग ती गरम असो वा थंड, टाळलेली बरी. गर्भवतींनी कॅफिनबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गैरसमज उन्हाळ्याचा. बर्फ घातलेली कॉफी पेय म्हणून थंड असली, तरी ती उष्माघातावरचा उपाय नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेसंबंधीच्या सूचनांत चहा, कॉफी आणि शीतपेये टाळून पाणी, ताक, लिंबूपाणी घेण्यास सांगितले आहे. शेतातून उन्हात राबून आलेल्याच्या हाती प्रथम पाणी आणि ताकच द्यायला हवे.

पुडीवरची बारीक अक्षरे

इन्स्टंट घेताना पाकिटाची मागील बाजू वाचण्याची सवय लावून घ्यायला हवी. बाजारात दोन प्रकार असतात. एक शुद्ध कॉफीचा आणि दुसरा चिकरी मिसळलेला. चिकरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. तिची लागवड गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. तिने कॉफीला काळसर रंग, दाटपणा आणि कडसर-गोड चव येते. कॅफिन तिच्यात नसते. ती भेसळ नाही. मुंबईत पोलसनच्या काळापासून चिकरीयुक्त कॉफीची चव आपल्या जिभेवर आहे. मात्र नियमानुसार मिश्रणात कॉफीचे प्रमाण ५१ टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि दोहोंची टक्केवारी पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. ७० टक्के कॉफीची आणि ५१ टक्के कॉफीची पुडी एकाच भावाने घेणारा ग्राहक नकळत चिकरीला कॉफीचे पैसे मोजत असतो. कोल्ड ब्रूसाठी चिकरीयुक्त पूड घेऊच नये. थंड पाण्यात ती केवळ रंग आणि चिकटपणा देते.

मग निवड कोणाची?

दुधाची, जायफळाची कॉफी पिणाऱ्या कुटुंबाने इन्स्टंटच वापरावी. त्यांच्यासाठी ती स्वस्त, सुरक्षित आणि चवीलाही योग्य आहे. थंड कॉफी हवी असेल, तर पावडर आधी दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून मगच थंड दुधात घालावी, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत आणि चव समरस होते. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी आवडणाऱ्यांनी, मधुमेहामुळे साखर सोडलेल्यांनी आणि फ्रीजची खात्री असलेल्यांनी कोल्ड ब्रू जरूर करून पाहावी. १०० ग्रॅम भरड कॉफी, ८०० मिलिलिटर उकळून निववलेले पाणी, काचेची बरणी आणि फ्रीजमधील एक रात्र, एवढ्यावर ती होते. चोथा कुंडीतील मातीत मिसळून टाकता येतो.

दोन्ही नको असतील, तर तिसरा मार्ग आहेच. कॉफी नेहमीसारखी गरम पाण्यात, पण दुप्पट दाट करून बर्फाने भरलेल्या पेल्यावर ओतावी. पाच मिनिटांत होणारी ही कॉफी सुगंधात कोल्ड ब्रूहून सरस ठरते आणि रात्रभर वाटही पाहावी लागत नाही.

खान्देशात कॉफी पिकत नाही. महाराष्ट्रात तिचे मळे पाहायचे, तर विदर्भात चिखलदऱ्याला जावे लागते आणि देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकातून येते. इतक्या दुरून आलेल्या या पाहुणीला आपल्या घरच्या हवेप्रमाणे वागवणे, हेच इष्ट. पुण्याहून आलेल्या मुलाने बरणी ओट्यावर ठेवली असेल, तर ती आज रात्री फ्रीजमध्ये हलवावी, म्हणजे सकाळी चव आणि प्रकृती दोन्ही शाबूत राहतील.